टप्पा चुकलेला हंगाम

दिवाळी मागे पडली की दिग्रसच्या रस्त्यांवर कापूस दिसायला लागतो. आधी बाभळींच्या काट्यांना अडकलेला, मग नालीच्या कडेला, मग दुकानांच्या पायऱ्यांवर. पूर्वी बैलबंड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून आमच्या आळीपर्यंत यायची. आता ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्या उभ्या असतात आणि रांगेतली माणसं मोबाईल बघत बसतात. वास मात्र तोच आहे. सरकीचा, थोडा तेलकट, थोडा धुळीचा. हा वास आला की घरातले सगळे यंदाच्या पिकाबद्दल बोलू लागतात. मला मात्र परसातल्या भिंतीवर आदळणाऱ्या क्रिकेटच्या बॉलचा आवाज ऐकू येतो. धप्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा धप्.

तो बॉल यांचा. हे म्हणजे माझे यजमान, वामनराव. आता ते नाहीत. महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या वैशाखात आमचं लग्न झालं आणि मी मारेगावहून दिग्रसला आले. हे एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून होते, पण कारकुनीसाठी त्यांना कुणी घेतलं नव्हतं. प्रेसच्या मॅनेजर साहेबांना क्रिकेटचा भारी नाद. गावाचा संघ त्यांनीच उभा केला होता आणि कॅप्टनही तेच होते. यांची बॉलिंग बघूनच त्यांनी यांना कामाला लावलं. सोयरीक जुळवणाऱ्यानं माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "पोरगा बॉल टाकते. यवतमाळपर्यंत नाव हाये त्याचं." वडील बिचारे शेतकरी माणूस. घरी येऊन आईला म्हणाले, "काहीतरी टाकते म्हणते बाप्पा, पण लोक मानतेत त्याले."

यांच्या बॉलिंगमध्ये डोळे दिपावेत असं काही नव्हतं. वेग बेताचा. काथ्याच्या मॅटवर मॅच व्हायच्या आणि मॅटवर बॉल थोडा आत वळायचा, एवढंच. पण टप्पा म्हणजे टप्पा. बॉल जिथं पडायला हवा तिथंच पडायचा, सकाळी तसाच, दुपारी तसाच. त्या मॅटवर ऑफ स्टंपच्या पुढं एक जागा घासून भुरकट झाली होती. "ते वामनचं घर हाये," असं हरीसिंग म्हणायचा. हरीसिंग म्हणजे संघाचा विकेटकीपर. गावाबाहेरच्या तांड्यात राहणारा, बंजारा, कापूस-ज्वारीची शेती करणारा आणि यांचा शाळेपासूनचा सोबती.

हे सगळं मी ऐकलेलं. बघितलं काहीच नव्हतं. पावसाळाभर बॉल कोनाड्यात पडून होता. हे कधी तो उचलून फडक्यानं पुसायचे आणि परत ठेवायचे. मी नवी नवरी. यांच्याशी माझं बोलणं म्हणजे "पाणी ठेवलं" आणि "हो," एवढंच. घरात सासूबाई, हे आणि मी. सासूबाई तरुणपणी विधवा झालेल्या, एकटीनं पोर वाढवलेली. बोलायला तुटक, पण हात सैल. माझ्या ताटात तूप वाढताना त्या कधी थांबत नसत.

दसऱ्यानंतर मॅट उघडली आणि पहिली मॅच झाली. संध्याकाळी हे घरी आले, पाय धुतले आणि परसात जाऊन बसले.

"कसं झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं," हे म्हणाले.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी हरीसिंग आला तेव्हा कळलं. बॉल टप्प्यावर पडतच नव्हता. एक फुलटॉस जायचा, दुसरा अर्ध्या मॅटवर आपटायचा, तिसरा स्टंपांपासून इतका लांब जायचा की हरीसिंगला उडी मारावी लागायची. "पह्यलीच मॅच होती काकी," तो सासूबाईंना म्हणाला. "हात बसन हळूहळू."

हात बसला नाही. पुढच्या रविवारी तेच. त्यानंतर पुसदला मॅच होती. तिथं मॅनेजर साहेबांनी ओव्हर संपताच यांच्या हातातून बॉल काढून घेतला आणि प्रेसमधल्या एका नव्या पोराला दिला. पुसदची माणसं हसली. दिग्रसची हसली नाहीत, ते जास्त वाईट, असं हरीसिंग म्हणाला.

हल्ली टीव्हीवर बोलणारे म्हणतात, अमक्याचा फॉर्म गेलाय. जसं कुणी गावाला गेलंय आणि परवा येईल. आमच्या घरातून तो गेला तेव्हा बरोबर सगळंच घेऊन गेला. यांचं बोलणं आधीच कमी, ते संपलं. रात्री कूस बदलत राहायचे. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून बोटं फिरवत बसायचे, जणू त्या तुकड्यालाही शिवण आहे आणि ती नेमकी कुठं धरायची ते आठवत नाहीये.

गावात ज्याला त्याला उपाय माहीत होता. मॅनेजर साहेब म्हणाले, धाव कमी कर. पोस्टमास्तर म्हणाले, बॉल जरा सैल धर. दाढी करताना न्हावी म्हणाला, खांदा पडून राह्यला तुमचा. शाळेतले ड्रिलमास्तर घरी येऊन यांचा डावा पाय कसा पडायला हवा ते अंगणात दाखवून गेले. हे सगळ्यांचं ऐकायचे. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो. सकाळी एकाचं ऐकून धाव कमी करायचे, संध्याकाळी दुसऱ्याचं ऐकून वाढवायचे. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवल्या. उंबऱ्यावर लिंबू कापलं. देवीला नवस बोलल्या. यांनी दंडाला ताईतही बांधून घेतला, आणि तो बॉल टाकताना टोचायला लागला म्हणून काढून ठेवला.

प्रेसवरून आले की परसात जायचे. मागच्या भिंतीवर कोळशानं स्टंप काढले होते. त्या भिंतीवर बॉल टाकत राहायचे, अंधार पडेपर्यंत. बॉल कधी न्हाणीत जायचा, कधी तुळशीच्या ओट्याखाली. मी भांडी घासता घासता उठून तो आणून द्यायची. ओला असला तर पदरानं पुसून द्यायची. आमच्या दोघांमध्ये तेव्हा जे काही देणं-घेणं होतं ते एवढंच. मला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, पण कानाला कळायला लागलं होतं. जमिनीवर पडल्याचा आवाज आणि भिंतीवर लागल्याचा आवाज यांत किती वेळ जातो, त्यावरून कळायचं. सारखा वेळ गेला तर चांगला. पण तो सारखा जातच नव्हता. एकदा जमिनीचा आवाजच आला नाही, सरळ भिंतीला धडकला आणि पोपडा पडला. यांनी तो पोपडा उचलून परत भिंतीला लावून बघितला. मी मान खाली घालून भांडी घासत राहिले. मोठा माणूस असं काही करत असेल तर बघू नये.

त्याच दिवसांत माझ्या भाकरी तव्यावर फुटायला लागल्या. माहेरी माझी भाकर कधी फुटली नव्हती. पण सासूबाई बघतायत, हे बघतायत, असं वाटून मी माझ्याच हातांकडे बघायला लागले होते, आणि हात बिचकले होते.

भाकर फुटली तर नवी सून शिकते आहे म्हणतात. बॉलिंग गेली तर कारण लागतं. कारण नसलेलं दुःख माणसाला सोसत नाही. आणि आमच्या घरात त्या वर्षी नवीन काय होतं? मीच होते.

विहिरीवर शेजारच्या गोदाबाई दोर ओढता ओढता दुसरीला म्हणाल्या, "लगनाच्या आधी कसा टाके तो. आता पाह्य. पायगुण असते व एकेकीचा." त्यांनी आवाज खाली केला नाही. मला ऐकू यावं म्हणूनच ते बोलणं होतं. मी भरलेली घागर कमरेवर घेतली आणि घरी आले. आपल्या पायांकडे बघत आले. वैशाखातल्या लग्नातलं अळत्याचं लाल कधीच गेलं होतं, साधे पाय होते, टाचेला भेग पडलेली.

त्यानंतर ते सगळीकडून यायला लागलं. कुणी उघड बोलायचं, कुणी मी आले की गप्प व्हायचं. प्रेसमध्ये कुणीतरी यांनाही ऐकवलं असावं, कारण एक दिवस हे भिंतीवर बॉल टाकायला गेलेच नाहीत. खाटेवर पडून राहिले. मी चहा ठेवला. "ठेव तेथी," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

सासूबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. आवाज कडक नव्हता, हेच जास्त लागलं. "सुमन, दिवाळीले तू माहेरी जाणारच हायस. मंग राहून घे थोडे दिवस. यवतमाळवाल्याईची मोठी मॅच हाये दिवाळीनंतर. ते होऊन जाऊ दे. काय होते ते पाहू."

"काय होते ते पाहू म्हणजे काय, बाई?"

त्या लुगड्याच्या काठावरचा धागा ओढत बसल्या.

मला समजलं. हा नुसता मुक्काम नव्हता, परीक्षा होती. मी इथं नसताना यांचा बॉल टप्प्यावर पडला, तर गावानं म्हटलेलं खरं ठरणार होतं. मग मला न्यायला कोण येणार?

मोटारीपर्यंत माझी पेटी यांनीच सायकलवर बांधून नेली. मोटारीच्या टपावर चढवली. दोर आवळला, गाठ बघितली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. जाऊ नको म्हणतील, किंवा लवकर ये तरी. हे म्हणाले, "दारव्ह्याले उतरू नोको. हेच मोटार यवतमाळले जाते." मोटार सुटली. मी मागे वळून बघितलं तेव्हा हे सायकलचा दांडा धरून तसेच उभे होते, आणि उजव्या हाताची बोटं फिरत होती.

पहिली दिवाळी, म्हणजे जावयाचा मान. आईनं धोतरजोडी आणून ठेवली होती. वडील रोज मोटारीच्या वेळेला रस्त्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. "काम असन प्रेसमध्ये," असं त्यांचं तेच म्हणायचे. जावई आले नाहीत. भाऊबीजेनंतर वहिनीनं विचारलं, "किती दिवस राह्यणार हायस?" सहज विचारलं होतं. मी उठून गोठ्यात गेले आणि गाईच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिले.

त्या वर्षी मारेगावकडे पाऊस लांबला होता, म्हणून पहिली वेचणी दिवाळीनंतर निघाली. वेचणी सुरू करताना आमच्याकडे सीतादही करतात. शेतात जाऊन पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू लावायचं, हात जोडायचे आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. त्या दिवशी आईनं मला पुढं केलं. लेक माहेरी आली आहे, तिच्या हातून होऊ दे, म्हणाली. बाकीच्या बाया मागे ओटी बांधून उभ्या होत्या. मी दहीभात ठेवला. हात जोडले. आणि काय मागावं तेच कळेना.

दोन दिवसांवर यवतमाळची मॅच होती. यांचा बॉल चांगला पडू दे, असं मागितलं तर मी माझ्याच पायावर धोंडा मागत होते. खराब पडू दे, असं मागितलं तर त्या माणसाचं उरलंसुरलं संपणार होतं. प्रेसमधलं काम जाणार, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि ते कूस बदलणं, ती फिरणारी बोटं मी बघितली होती. असं मी मागू कशी? बाया ताटकळल्या. ऊन चढत होतं. मी नुसते हात जोडून बसले.

"काय मागतलं व?" आईनं परतताना विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? लेकरू मागतलं असन."

"काहीच नाही मागतलं, आई."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही. त्या दिवशी मी पऱ्हाटीची एकेक ओळ वेचत गेले, कुणाशी न बोलता. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडली गेली. बरं वाटत होतं त्या टोचण्यानं. वडील बांधावरून म्हणाले, "आता चांगली बॉलिंग पडली का येतीन बघ ते न्यायले." त्यांना पायगुणाचं काही माहीत नव्हतं. मी मान हलवली.

रविवार गेला. सोमवारी दुपारी दारात सायकलची घंटी वाजली. हरीसिंग होता. त्याची बहीण मुकुटबनजवळच्या तांड्यात दिलेली. तिच्याकडे निघालो आहे, मारेगावात मोटार थांबली तसा उतरलो, म्हणाला. कुणाची तरी सायकल मागून घर शोधत आला होता. वडिलांनी त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी दाराच्या आड उभी. विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"मॅच झाली का?" वडिलांनी विचारलं.

"झाली. हारलो."

"आन् जावईबापूची बॉलिंग?"

हरीसिंगनं पाण्याचा गडू खाली ठेवला. दाराकडे बघून, मला ऐकू जाईल असं बोलला. "त्यानं बॉल हातातच नाही घेतला. साहेबानं दोनदा बोलावलं. हा म्हणते, मी नाही टाकत. साहेब म्हणे, काहून? तर सगळ्याईसमोर म्हणते, माही बायको घरी नाही. ते नसताना मी बॉल टाकणार नाही."

"मंजे?" वडील म्हणाले.

"मंजे असं हाये बाबूजी. गाववाले म्हणतेत का वहिनीच्या पायगुणानं याची बॉलिंग गेली. म्हणून तिले इथं पाठवलं. आता ते नसताना बॉल चांगला पडला असता, तर वहिनीचं काय झालं असतं? हे वामनच्या ध्यानात आलतं. साहेबानं त्याले टीममधून काढलं. प्रेसमध्ये बी म्हणे पुढचं पाहू."

वडील बराच वेळ खाटेच्या सुतळीवर बोट फिरवत बसले. पायगुणाचं ते पहिल्यांदाच ऐकत होते. आई चुलीपाशी उभी राहून डोळे पुसत होती.

मी आजही त्यावर विचार करते. कधी वाटतं, यांनी माझ्यासाठी केलं. कधी वाटतं, बॉल हातात घ्यायचीच यांना भीती वाटत होती आणि माझं निमित्त बरं सापडलं. दोन्ही खरं असेल. माणूस एका कारणासाठी काही करत नाही. पण सगळ्यांसमोर "माही बायको" असं ते म्हणाले, हे तर हरीसिंगनं कानांनी ऐकलं होतं. तोपर्यंत मला वाटत होतं, माझी पेटी बांधताना यांना सुटल्यासारखंच वाटलं असेल.

"मले उद्या दिग्रसले नेऊन द्या," मी वडिलांना म्हणाले.

"त्याईचं बोलावणं तर येऊ दे."

"बोलावणं नाही येत आता. मीच जातो."

दिग्रसला पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. हे प्रेसवर होते. वडील फाटकाशी थांबले. सासूबाई मला बघून उठल्या. सुपातली ज्वारी सांडली.

"न बोलावता आलीस?"

मोटारीत बसून मी बोलायचं सगळं ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. जे तोंडातून निघालं ते ठरवलेलं नव्हतं. "बाई, मामंजी गेले तवा तुमाले बी लोक असंच म्हणले असतीन ना?"

सासूबाई तिथंच थांबल्या. वडिलांनी मान फिरवली. मला वाटलं, आता घराचं दार कायमचं बंद झालं. त्या हातातलं सूप खाली ठेवून आत गेल्या. मी अंगणात उभी, पेटी पायाशी. आतून भांड्याचा आवाज आला. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या, वाकल्या आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. लग्नाच्या दिवशी ओततात तसं. दोन्ही पायांवर, सावकाश.

"म्हणत होते," त्या म्हणाल्या. "बारा गावची लोकं म्हणत होती. मीच इसरली." मग वडिलांना म्हणाल्या, "इवाई, आत या. उन्हात कायले उभे हा?"

संध्याकाळी हे आले. मला बघितलं. सरळ परसात गेले आणि कोनाड्यातला बॉल काढला. धप्. बराच वेळ काही नाही. धप्. तसाच, वेडावाकडा. माझ्या येण्यानं काही चमत्कार झाला नव्हता. मी बॉल आणून देताना पहिल्यांदाच विचारलं, "आधी कसे टाकत होते जी तुमी?"

हे थांबले. "तेच तर आठोत नाही. तवा मले माहीतच नव्हतं का मी कसा टाकतो."

त्या हिवाळ्यात हे संघात नव्हते. प्रेसमध्ये कामावर ठेवलं होतं, पण साहेब यांच्याशी बोलत नसत. रविवारी गाव मॅचला जायचं आणि आम्ही हरीसिंगच्या तांड्यावर. ज्वारीची मळणी उरकली होती आणि त्याचं खळं रिकामं होतं. शेणानं सारवलेलं, दगडासारखं टणक. मॅटपेक्षा बरं, म्हणायचा हरीसिंग. तो हातमोजे घालून एका टोकाला बसायचा. मी भाकर-झुणका घेऊन जायची आणि त्याच्या आईशेजारी कडब्याच्या गंजीला टेकून बसायची. ती आपल्या बोलीत काहीबाही बोलायची, तिला सगळे याडी म्हणत. मला अर्धंच कळायचं.

"जाय तूबी त्याच्यासंगं," असं सासूबाईच म्हणाल्या होत्या. "लोक काय म्हणतीन ते म्हणतीन."

पहिले कित्येक रविवार नुसती राख होती. एक चांगला पडायचा आणि मग वाईटच वाईट. हे बॉल जमिनीवर टाकून खळ्याच्या काठावर बसायचे, डोकं हातात धरून. एकदा म्हणाले, "हरी, सोडून देतो. मले आता लाज वाटते." हरीसिंग म्हणाला, "सोड. पण आज सोडू नोको, आज मी मोजे घालून बसलो हाव." तेवढ्यावर हे उठले. मला रडायला येत होतं आणि मी कांदा फोडत होते, ते बरं झालं.

यांनी एकेक करून सगळ्यांचे सल्ले टाकून दिले. ड्रिलमास्तरांचा पाय गेला, न्हाव्याचा खांदा गेला, साहेबांची कमी केलेली धाव गेली. यांना वाटेल तितकं धावायचे, वाटेल तसा टाकायचे. कधी डोळे मिटूनच टाकायचे. परत कधी आलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. शेतात अंकुर कधी फुटला ते कुणाला दिसतं? एका रविवारी मी याडीशी काहीतरी बोलत होते आणि बोलता बोलता कानाला जाणवलं की बराच वेळ मी वर बघितलेलं नाही. आवाज सारखा येत होता. जमीन, मोजे. जमीन, मोजे. मी वर बघितलं नाही. श्वास धरून ज्वारीचं ताट सोलत राहिले. बघितलं तर जाईल, असं वाटत होतं.

होळीच्या आधी हंगामातली शेवटची मॅच, यवतमाळचाच संघ दिग्रसला आला होता. प्रेसमधला तो नवा पोरगा टायफॉइडनं अंथरुणाला खिळला. साहेबांपुढं दुसरा इलाज नव्हता. निरोप आला, वामनला म्हणावं, ये.

सासूबाईंनी बंडी जुंपायला लावली. "आपण जाऊ," म्हणाल्या. मैदानावर बायका जात नसत. आमची बंडी लिंबाच्या सावलीत उभी राहिली आणि लोकांनी माना वळवून बघितलं. गोदाबाईंचा मुलगा खेळत होता म्हणून त्याही आमच्याबरोबर बंडीत बसल्या होत्या.

यांच्या हातात बॉल आला. मला मैदान धूसर दिसायला लागलं. पहिला बॉल फुलटॉस. बॅट्समननं तो सरळ सीमेपार मारला. दुसरा हरीसिंगच्या बाजूनं, हाताला न लागता मागे निघून गेला. तेव्हा लोकांच्या माना परत वळल्या, बॉलकडे नाही, बंडीकडे. मला उतरून पळून जावंसं वाटलं. पाय खाली सोडले होते मी. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. बांगड्या रुतल्या. "बस," त्या म्हणाल्या. "हालू नोको."

हे परत आपल्या खुणेशी गेले. बॉल पँटला पुसला. हरीसिंग मागून उठून स्टंपांच्या अगदी जवळ येऊन बसला, खळ्यावर बसायचा तसा. हे धावत आले. बॉल मॅटवर पडला, आत वळला, बॅटच्या शेजारून मोज्यांत गेला. पुढचाही तिथंच. त्याच्या पुढचाही. नंतर मी डोळे मिटले. मला बघायची गरज नव्हती. ऊन सरकत गेलं, बंडीची सावली सरकत गेली, आणि तो आवाज येत राहिला, मॅट, मोजे, मधूनच बॅट, परत मॅट. विकेटी यांना फार मिळाल्या नाहीत. मॅच आम्ही हरलोच. पण साहेबांनी त्या दिवशी यांच्या हातातून बॉल काढून घेतला नाही.

संपल्यावर गोदाबाई माझ्याकडे वळल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या, "चांगला पायगुण निंगाला व सुनेचा."

सासूबाई बैलांच्या पाठीकडे बघत होत्या. "माहा पोरगा बॉल हातानं टाकते, गोदे," त्या म्हणाल्या. "पायानं नाही."

बंडी निघाली. रस्त्यावर मॅच बघून परतणारी माणसं होती, सायकली होत्या, कापसाच्या शेवटच्या बंड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. हे मागून आले. मला वाटलं, नेहमीसारखे हरीसिंगबरोबर पुढं जातील. हे बंडीच्या बाजूला आले, मी बसले होते त्या बाजूच्या दांड्यावर हात ठेवला आणि चालू लागले.

"हात दुखते का?" मी विचारलं.

"दुखते."

"मंग वर बसा ना."

"नाही. असंच बरं हाये."

त्या काळी दिग्रसात कुणी नवरा भर रस्त्यानं बायकोच्या बंडीला हात लावून चालत नसे. हे चालले. बाजारातून, मॅनेजर साहेबांच्या दारावरून, घरापर्यंत.